फेलोशिप मॅच: पहिल्या नंबरवर आवडीची जागा लिहायची की हमखास मिळणारी?

नोव्हेंबरमधल्या एका दिवशी भाचीचा फोन आला. ती अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची, म्हणजे मोठ्यांच्या सर्वसाधारण आजारांच्या विषयाची, रेसिडेंट डॉक्टर आहे, तिसऱ्या वर्षाला, आणि तिला पुढे कार्डिओलॉजी करायचंय. लॅपटॉपवर अकरा हॉस्पिटलांची नावं होती आणि ती तासभर तीच नावं वर-खाली सरकवत बसली होती.

"मावशी, तू गणित शिकवतेस म्हणून तुलाच विचारते. सहावी मुलाखत झाली ती जागा मला सगळ्यात आवडली. पण तिथं माझ्यापेक्षा कितीतरी भारी लोक आलेले. ते नाव पहिलं टाकून पहिला नंबर फुकट घालवू, की जिथं मला नक्की घेतील असं वाटतं ते वर ठेवू?"

डिसेंबरच्या सुरुवातीला फेलोशिपच्या मॅचचा, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणासाठी डॉक्टर आणि हॉस्पिटलं यांची जोडी लावण्याचा, निकाल लागतो. ज्यांच्या घरातलं कुणी तिकडे डॉक्टर आहे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर "मॅच झालं!" असा मेसेज येतो, सगळे अभिनंदन करतात, पण कशाशी काय जुळलं आणि कुणी जुळवलं हे बहुतेकांना कळत नाही. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येतं. जी जागा मनापासून हवी आहे तीच पहिली लिहावी, आणि तिथं आपल्याला घेतील की नाही हा हिशेब यादी करताना मनातही आणू नये. मी तिला धीर देण्यासाठी हे म्हटलं असं तिला वाटलं. पण या वाक्यामागे पक्कं सिद्ध झालेलं गणित आहे, आणि ते कळायला गणितज्ञ असण्याची गरज नाही.

## आधी फेलोशिप म्हणजे काय ते बघू

एमबीबीएससारखी पदवी झाल्यावर अमेरिकेत एखाद्या विषयाचं जे प्रशिक्षण घेतात त्याला रेसिडेन्सी म्हणतात. इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची असते. त्यातून पुढे एखाद्या शाखेत आणखी खोल जायचं तर फेलोशिप करावी लागते. कार्डिओलॉजी, पोटविकार म्हणजे गॅस्ट्रो आणि रक्तविकार-कॅन्सर या फेलोशिप तीन-तीन वर्षांच्या. मूत्रपिंड, संसर्गजन्य रोग, हार्मोन, संधिवात या दोन वर्षांच्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवणारा तज्ज्ञ व्हायचं तर कार्डिओलॉजीच्या तीन वर्षांवर आणखी एक.

आपल्याकडे डीएमला, म्हणजे एमडीनंतरच्या वरच्या पदवीला, जायचं तर नीट-एसएस ही परीक्षा असते. गुणांप्रमाणे क्रमांक लागतो आणि क्रमांकाप्रमाणे काउन्सेलिंगमध्ये जागा निवडायची. रांग एकच, वरचा आधी निवडणार, खालचा नंतर. अमेरिकेत फेलोशिपसाठी अशी एक परीक्षा नाही आणि म्हणून सगळ्यांची मिळून एक रांगही नाही. प्रत्येक हॉस्पिटल आपापली रांग लावतं. एका हॉस्पिटलच्या यादीत तिसरी असलेली डॉक्टर दुसऱ्याच्या यादीत चाळिसावी असू शकते. उमेदवारही हॉस्पिटलांची आपापल्या आवडीप्रमाणे यादी करतात. या यादीला तिकडे रँक लिस्ट म्हणतात. दोन्हीकडच्या हजारो याद्या एकत्र घेऊन कॉम्प्युटर जुळवणी करतो, ती मॅच.

आवड दोन्ही बाजूंना आहे आणि निर्णय मात्र एकाच वेळी व्हायला हवा, अशी ही अडचण आहे. ती सोडवली नाही तर काय होतं याचा अमेरिकेला दोनदा अनुभव आलाय.

## मॅच नव्हती तेव्हा

१९४० च्या दशकात हॉस्पिटलांना नव्या डॉक्टरांची चणचण होती. चांगला विद्यार्थी हातचा जाऊ नये म्हणून जो तो दुसऱ्याच्या आधी जागा देऊ करायचा. हे इतकं मागे मागे सरकलं की पदवीला दोन वर्षं बाकी असतानाच मुलांच्या नेमणुका ठरू लागल्या. म्हणजे ज्यानं अजून नीट रुग्णही पाहिला नाही, त्यानं कुठे काम करायचं ते ठरून गेलेलं. मग कॉलेजांनी मिळून तारखा बांधून घेतल्या, तर गडबड दुसरीकडून सुरू झाली. उत्तर द्यायला किती वेळ द्यायचा? १९४५ साली दहा दिवस मिळत होते. १९४९ येईपर्यंत हॉस्पिटलांना बारा तासही फार वाटू लागले. पहिल्या पसंतीचा निरोप आज ना उद्या येईल या आशेवर असलेल्या मुलाला दुसऱ्या पसंतीला तासाभरात हो किंवा नाही सांगावं लागायचं.

या ओढाताणीतून १९५२ साली पहिली मॅच झाली. आज ती ज्या संस्थेमार्फत होते तिला नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम म्हणतात आणि फेलोशिपच्या मॅचही तीच चालवते.

मॅच मोडली तर काय होतं, ते गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी पाहिलं. गॅस्ट्रोची फेलोशिप मॅचमधूनच मिळायची. १९९६ च्या सुमारास जागा कमी केल्या गेल्या आणि प्रशिक्षणाला एक वर्ष वाढवलं. जागा घटल्या त्यापेक्षा अर्ज जास्त घटले आणि अचानक उमेदवारांपेक्षा जागा जास्त झाल्या. हॉस्पिटलं घाबरली, मॅचच्या आधीच बोलावून जागा देऊ लागली, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत गॅस्ट्रोची मॅच बंद पडली. पुन्हा तेच सुरू झालं. प्रस्ताव लवकर येऊ लागले, मुदत तुटपुंजी, आणि प्रत्येक हॉस्पिटलची वेळ वेगळी. अल्विन रॉथ आणि म्युरिएल नीडर्ले या अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की डॉक्टर जिथं रेसिडेन्सी केली तिथंच फेलोशिपलाही राहण्याचं प्रमाण वाढलं होतं. दूरच्या चांगल्या जागेची मुलाखत होण्याआधीच घरच्या हॉस्पिटलनं "आत्ताच सांग" म्हटलं की कोण थांबणार?

२००६ मध्ये गॅस्ट्रोची मॅच पुन्हा सुरू झाली. त्या वेळी केलेला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मॅचच्या आधी घाईनं दिलेला प्रस्ताव उमेदवारानं स्वीकारला असला तरी त्याला तो सोडून मॅचमध्ये उतरायची मुभा दिली. दबाव टाकून मिळवलेला होकार टिकणारच नसेल तर कुणी दबाव टाकायला जाणार नाही.

## कॉम्प्युटर नेमकं काय करतो

तीन डॉक्टर घेऊ: अनघा, मारिया आणि डेव्हिड. तीन हॉस्पिटलं घेऊ: टेकडी, नदी आणि किनारा. प्रत्येकाकडे एकच जागा. नावं कल्पित आहेत, पद्धत खरी आहे.

अनघाची यादी: टेकडी, नदी, किनारा. मारियाची यादीही तीच. डेव्हिडची यादी: नदी, टेकडी, किनारा.

टेकडीला सगळ्यात आधी डेव्हिड हवाय, मग मारिया, मग अनघा. नदीला आधी अनघा, मग डेव्हिड, मग मारिया. किनाऱ्याला तिघंही चालतील.

आता कॉम्प्युटर एकेकाला त्याच्या पहिल्या पसंतीच्या दारात उभं करतो. अनघा टेकडीकडे जाते, जागा रिकामी आहे, टेकडी तिला आत घेते. पण हे घेणं तात्पुरतं आहे, आणि सगळी खुबी या तात्पुरत्या शब्दात आहे. डेव्हिड नदीकडे जातो, तीही त्याला तात्पुरतं ठेवून घेते. मारिया टेकडीकडे येते. टेकडीला अनघापेक्षा मारिया जास्त पसंत आहे, म्हणून मारिया आत आणि अनघा बाहेर.

अनघा आता यादीतल्या दुसऱ्या नावाकडे, नदीकडे जाते. तिथं डेव्हिड आधीच बसलाय. भाचीला भीती वाटत होती ती नेमकी याच क्षणाची: मी टेकडीच्या मागे लागले तेवढ्यात नदीची जागा गेली तर? पण नदी आपली यादी बघते. यादीत अनघा डेव्हिडच्या वर आहे. कोण आधी आलं हा प्रश्नच नाही. डेव्हिड बाहेर, अनघा आत.

डेव्हिड दुसऱ्या पसंतीकडे, टेकडीकडे जातो. टेकडीला तो मारियापेक्षा हवा आहे, म्हणून मारिया बाहेर. मारिया नदीकडे जाते, नदी अनघाला सोडत नाही. मारिया किनाऱ्याकडे जाते, तिथं जागा आहे. आता कुणी बाहेर उरलं नाही. जे तात्पुरतं होतं ते आता कायम झालं. अनघा नदीला, डेव्हिड टेकडीला, मारिया किनाऱ्याला.

अनघानं हुशारी म्हणून नदीचं नाव पहिलं टाकलं असतं तर? नदीच मिळाली असती, काडीचाही फरक नाही. पण टेकडीनं अनघाला मनात पहिलं धरलं असतं आणि अनघाला ते माहीत नसतं, तर या हुशारीपायी हातातली टेकडी गेली असती. मिळालं काहीच नसतं. गमावण्याची शक्यता तेवढी ओढवून घेतली असती.

ही पद्धत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली मांडली. मॅच चालवणारे त्याआधी दहा वर्षं जवळपास हेच करत होते, हे पुढे रॉथ यांनी दाखवून दिलं. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

## "पण नंबर फुकट जातो असं सगळेच म्हणतात"

म्हणतात, आणि या भीतीला इतिहासात खरा आधार आहे. पहिल्या मॅचची तयारी चालली होती तेव्हा जी पद्धत आधी ठरली होती, तिच्यात तुम्ही हॉस्पिटलला कितवं लिहिलंत यालाही वजन होतं. तुमचं पहिलं नाव आणि त्यांचं पहिलं नाव जुळलं तर ती जोडी आधी पक्की. म्हणजे पहिल्या नंबरवर अवघड जागा लिहिली आणि ती हुकली, तर तोवर दुसऱ्या नंबरची जागा दुसऱ्या कुणी तरी पटकावलेली असायची. विद्यार्थ्यांच्या हे लक्षात आलं. प्रामाणिकपणे पसंती लिहिणाऱ्याचंच यात नुकसान होतं असं म्हणून त्यांनी १९५१ मध्ये विरोध केला, आणि खरी मॅच व्हायच्या आधीच पद्धत बदलून घेतली. विशी-पंचविशीतल्या मुलांनी ती चूक हेरली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पुढे १९९८ पासून आणखी एक सुधारणा झाली. तोवर जुळवणीची सुरुवात हॉस्पिटलांच्या बाजूनं व्हायची, ती उमेदवारांच्या बाजूनं होऊ लागली, आपण वर केली तशी. बदलानं साधारण हजारात एखाद्याचाच निकाल बदलतो असं हिशेबात दिसलं. पण ज्या बाजूनं सुरुवात होते त्या बाजूला खोटं लिहून काही फायदा होत नाही, ही हमी उमेदवारांना त्यामुळे पूर्ण मिळाली.

## "आपण त्यांना कितवं लिहिलंय हे त्यांना कळतं का?"

कळत नाही. उमेदवाराची यादी हॉस्पिटलला दिसत नाही आणि हॉस्पिटलची उमेदवाराला. आम्हाला कितवं ठेवणार असं हॉस्पिटलनं विचारणं नियमात बसत नाही. उमेदवारानं आपणहून सांगितलं तर चालतं, म्हणून "तुम्हीच माझी पहिली पसंती" अशी पत्रं लिहायची रीत पडली आहे. असं पत्र एकाच जागेला, आणि तेही खरं असेल तरच पाठवावं. शाखेचं जग लहान असतं. आणि समोरून कितीही गोड उत्तर आलं तरी त्यावर विसंबून आपली यादी बदलू नये. अशा गोड शब्दांना मॅचमध्ये काहीही किंमत नाही.

## मग चुरस आहे तरी कुठे?

यादी करताना डावपेच चालत नाहीत याचा अर्थ फेलोशिप मिळणं सोपं आहे असा नाही. सगळी लढाई यादीच्या आधी होऊन गेलेली असते. ज्या जागेनं मुलाखतीला बोलावलं नाही ती यादीत लिहून उपयोग नाही, कारण त्यांच्या यादीत तुमचं नावच नसतं.

इथं वेळेचं गणित फार निष्ठुर आहे. तिसरं वर्ष सुरू होतं त्या जुलैमध्येच अर्ज जातो. पुढे उन्हाळा-शरदात मुलाखती, नोव्हेंबरमध्ये यादी, डिसेंबरमध्ये निकाल, आणि पुढच्या जुलैत फेलोशिप सुरू. म्हणजे रेसिडेन्सी तीन वर्षांची असली तरी स्वतःला दाखवायला हातात दोनच वर्षं असतात, आणि त्यातलं पहिलं नव्या हॉस्पिटलात श्वास घ्यायलाही उसंत न मिळता जातं. भाचीनं पहिल्या वर्षीच एका कार्डिओलॉजिस्टकडे जाऊन "तुमच्या संशोधनात मला काही काम द्याल का" असं विचारलं होतं. रात्रपाळी संपवून ती रुग्णांच्या नोंदी एक्सेलमध्ये भरत बसायची. पुढे शिफारसपत्र त्याच डॉक्टरांनी लिहिलं. तिला महिनोन् महिने काम करताना पाहिलेला माणूस लिहितो तेव्हा पत्रात एखादा प्रसंग येतो, एखादी रात्र येते. नुसत्या ओळखीच्या मोठ्या नावाच्या पत्रात ते येत नाही.

यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण २०२२ च्या जानेवारीपासून देणं बंद झालंय, फक्त पास की नापास एवढंच कळतं. त्यामुळे चाळणी लावायला हॉस्पिटलांकडे एक आकडा कमी झाला आणि शिफारसपत्रं, संशोधन, दुसऱ्या टप्प्याचे गुण, रेसिडेन्सी कुठल्या हॉस्पिटलात केली यांवरचा भार वाढला. ज्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी केली तिथंच फेलोशिप असेल तर तिथल्या उमेदवाराला सगळे ओळखत असतात, आणि ओळखीचा भरवसा ही साधी मानवी गोष्ट आहे. अन्याय वाटला तरी अर्ज करताना ती धरून चालावं.

सगळ्या शाखांत चुरस सारखी नाही हेही सांगायला हवं. कार्डिओलॉजी, गॅस्ट्रो, कॅन्सर इथं गर्दी असते. मूत्रपिंड आणि संसर्गजन्य रोग या शाखांमध्ये दरवर्षी जागा रिकाम्या राहतात. याचा संबंध बुद्धीशी नाही, पुढच्या मिळकतीशी आणि कामाच्या तासांशी आहे.

## "सगळ्या हॉस्पिटलांनी मिळून पगार दाबायची ही युक्ती नाही ना?"

हा आक्षेप गंभीर आहे. मॅचमध्ये तुम्ही पगारावर घासाघीस करू शकत नाही. निकाल लागला की दोन्ही बाजू बांधील असतात. २००२ मध्ये काही डॉक्टरांनी याच मुद्द्यावर कोर्टात दावा लावला. मॅचमुळे स्पर्धा मारली जाते आणि पगार कमी राहतात असं त्यांचं म्हणणं. २००४ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून मॅचला संरक्षण दिलं आणि दावा निकाली निघाला. त्यामुळे प्रश्न कोर्टात शेवटपर्यंत लढला गेलाच नाही, आणि ही गोष्ट मला खटकते. गॅस्ट्रोची मॅच बंद होती त्या काळात त्या डॉक्टरांचे पगार काही इतर शाखांच्या पुढे गेले नाहीत, असं नीडर्ले आणि रॉथ यांना आढळलं होतं. तेव्हा पगार कमी असण्याचा सगळा दोष मॅचच्या माथी मारणं मला पटत नाही. पण ऐंशी तासांचा आठवडा करणाऱ्या माणसाला मोबदल्यावर बोलता येत नाही ही त्यांची तक्रार खोटी नव्हती.

## यादी किती लांब असावी

जिथं जायची तयारी आहे अशी प्रत्येक जागा लिहावी. यादीत खाली नाव वाढवल्यानं वरच्या जागा मिळण्याची शक्यता तसूभरही कमी होत नाही. पण जिथं खरोखर जायचंच नाही ती जागा "असू दे एक" म्हणून लिहू नये. जुळली तर जावंच लागतं, आणि नकार दिला तर पुढच्या मॅचमध्ये उतरायला बंदी येऊ शकते.

## आणि जुळलंच नाही तर?

रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी असते. फेलोशिपला तशी सोय नाही. रिकाम्या जागांची यादी मिळते आणि ज्यानं त्यानं फोन करायचे. अमेरिकेचा नागरिक असलेला डॉक्टर एखादं वर्ष हॉस्पिटलमध्ये नोकरी किंवा संशोधन करून पुन्हा अर्ज करू शकतो, आणि पुष्कळ जण दुसऱ्या खेपेला जुळतात.

बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी मामला इतका सरळ नाही. त्यांच्यातले बरेच जण जे-१ व्हिसावर असतात. हा व्हिसा प्रशिक्षणापुरता आणि साधारण सात वर्षांचा. रेसिडेन्सीची तीन, कार्डिओलॉजीची तीन, स्टेंटचं एक, झाली सात. प्रशिक्षण थांबलं की त्या व्हिसावर साधी नोकरी धरून पुढच्या वर्षाची वाट बघता येत नाही. एक तर दोन वर्षं मायदेशी जायचं, नाही तर जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं कबूल करून त्या अटीतून सूट मागायची. अशा सवलतीसाठी प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच डॉक्टर सुचवता येतात. म्हणून तिथल्या एखाद्या मुलाचा मॅच झाला नाही असं कळलं तर "पुढच्या वर्षी होईल रे" असं लगेच म्हणू नका. त्याचं पुढचं वर्ष कुठल्या देशात जाणार हेच त्या क्षणी त्याला माहीत नसतं.

भाचीशी बोलता बोलता तिकडे रात्रीचे दोन वाजले. तिनं सहाव्या मुलाखतीचं नाव उचलून वर नेलं. मी म्हटलं, यादी नुसती सेव्ह करून चालत नाही, ती प्रमाणित करायचं बटण वेगळं असतं, मुदतीआधी ते दाबलं नाही तर यादी धरतच नाहीत. ते तिला माहीत होतं. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, आणि मग विचारलं, "मावशी, आता दोन नंबरला कुठलं ठेवू?"

"तुला कुठलं आवडलं?" मी विचारलं, आणि ती त्या दुसऱ्या जागेबद्दल सांगू लागली.